वासंतीच्या पंपातलं चामडं

माझा जन्म जुन्नरकडचा, पण गावातलं मला फारसं काही आठवत नाही, कारण मी चार वर्षांचा असतानाच बाबा आम्हाला घेऊन कल्याणला आलेले. गावात मोटा आणि पायताणं शिवून पोट भरत नव्हतं. कल्याणला रुळाच्या पलीकडे आमची वस्ती होती, नऊ-दहा घरं, सगळी आमचीच, म्हणजे चामड्याचं काम करणाऱ्यांची. घरात शिरलं की भिजत घातलेल्या चामड्याचा वास. घरात राहणाऱ्याला तो येत नाही, पण शाळेत शेजारी बसणाऱ्याला येतो, आणि तो जरा सरकून बसला की मग आपल्यालाही यायला लागतो. मी रोज सदरा धुवायचो. ओला सदरा घालून शाळेत गेलेलो आहे मी, काय सांगू तुम्हाला, पण रोज धुवायचो.

शाळेतल्या हेडमास्तरांचे उपकार मी विसरणार नाही. ते म्हणायचे, सदाशिव, तुझं वाचन स्वच्छ आहे, तोंडात शब्द नीट बसतात तुझ्या, मॅट्रिक सोडू नकोस. नाही सोडलं. आमच्या वस्तीत मॅट्रिक झालेला मी पहिला, आणि पुढे बी. ए. झालेलाही पहिलाच. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, पुढचं सगळं त्या स्वच्छ वाचनामुळेच झालं, म्हणून सांगतो. चांगलंही आणि वाईटही.

तुम्ही स्टोव्हचं विचारायला आलात ना, तेच सांगतोय. वासंती स्टोव्ह. पितळी टाकी, तीन पाय, वर बर्नर, बाजूला हवा भरायचा पंप. नाना म्हणून गृहस्थ होते, पारनाक्याकडे राहणारे, ब्राह्मण. युद्धाच्या दिवसांत कुठल्याशा कारखान्यात लेथवर काम शिकलेले, युद्ध संपल्यावर त्यांनी शहाडच्या रस्त्याला एक पत्र्याची शेड घेतली आणि स्वतःचा लेथ टाकला. स्वातंत्र्य मिळालेलं, बाहेरून येणारे स्टोव्ह मिळेनासे झालेले, आणि नानांना वाटलं आपण का करू नये. बायकोच्या नावावरून नाव ठेवलं वासंती. गंमत म्हणजे त्या वासंतीवहिनी शेवटपर्यंत कोळशाच्या शेगडीवर स्वयंपाक करत होत्या, स्टोव्हवर फक्त चहा. नाना म्हणायचे, सगळ्या गावाच्या घरी वासंती पेटते, आमचीच तेवढी पेटत नाही. वहिनी आतून म्हणायच्या, पेटले तर महागात पडेल.

तर टाकी झाली, बर्नर झाला, पंप मात्र होईना. पंपाच्या दांड्याच्या टोकाला वाटीसारखा एक वायसर असतो, दट्ट्या दाबला की तो नळीला चिकटून हवा आत ढकलतो. तो चामड्याचाच लागतो. नानांनी दोन-तीन ठिकाणांहून करून घेतलेले, ते सगळे हवा मागे सोडायचे, दट्ट्या नुसता फुसफुस वर-खाली. शेवटी कुणीतरी बाबांचं नाव सांगितलं. नाना स्वतः वस्तीत आले आणि आमच्या दारात गोणपाटावर बसले. बाबा ते बसणं मरेपर्यंत सांगत होते, वायसरचं नाही, बसण्याचं.

बाबांनी म्हशीच्या पाठीकडचं चामडं घेतलं, तिथे जाडी सारखी असते. गोल चकती कापली, कोमट पाण्यात भिजवली, बाभळीच्या लाकडाचा एक साचा स्वतः कोरून त्यात दाबून बसवली आणि सावलीत वाळवली. सावलीतच, उन्हात वाळवली तर कडेला चिरते. मग खोबरेलात मुरवली. चौथ्या दिवशी शेडमध्ये जाऊन पंपात बसवली, आणि बर्नर स्पिरिटवर तापल्यावर नानांनी तीन दट्टे मारले तर ज्योत निळी, आणि आवाज असा की शेडचा पत्रा थरथरला. तेव्हापासून वासंतीचा प्रत्येक वायसर आमच्या घरात कापला गेला. आई तेल लावायची, धाकटी बहीण मोजून पुडे बांधायची.

मला नानांनी आधी शेडमध्ये कागदपत्रं लिहायला ठेवलं. मी कॉलेजला जायचं म्हणतोय हे कळल्यावर म्हणाले, सकाळचं कॉलेज घे मुंबईला, दुपारनंतर माझ्याकडे ये. सरळ मनाचा माणूस होता, मी त्यांच्याबद्दल जे काही पुढे सांगीन ते हे धरून ऐका. त्यांनी मला काम दिलं ते घरोघर स्टोव्ह पेटवून दाखवायचं. दुपारी बायका मोकळ्या असतात, तेव्हा पिशवीत स्टोव्ह, स्पिरिटची बाटली, बर्नर साफ करायची पिन घेऊन मी ठाण्याला, डोंबिवलीला जायचो. डोंबिवलीत तेव्हा एवढी वस्ती कुठे होती, शेतं, विहिरी, मधेच एखादी चाळ, एखादा बंगला. चालून चालून चपला झिजायच्या. त्या तरी घरच्या होत्या म्हणा.

पांढरा सदरा, भाषा शाळेतली. बायका मला मास्तरच म्हणायच्या. या मास्तर, आत या, इथे ओट्याशी दाखवा. आणि मी आत जायचो. अशा घराचं स्वयंपाकघर मी त्याआधी आतून पाहिलं नव्हतं. कोपऱ्यात देवघर, फळीवर पितळी डबे, चुलीपाशी सारवलेली जमीन. पहिल्या घरात स्पिरिट पेटवताना माझ्या इतक्या काड्या फुकट गेल्या की बाई म्हणाल्या, अगंबाई, तुम्हालाच भीती वाटते का त्याची? मी म्हटलं, नाही हो, वाऱ्यामुळे. नानांनी बजावून ठेवलेलं, नाव विचारलं तर सदाशिव सांगायचं, पुढचं विचारलं तर बोलणं स्टोव्हवर आणायचं. मी आणायचो. शिवाशीव बंद करणारा कायदा झाला होता, नाही असं नाही, पण कायदा स्वयंपाकघराच्या बाहेर चपला काढून थांबायचा. मी आत असायचो, आणि आत असताना सगळा वेळ पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं.

आमचा खप वाढला तशी दुसऱ्या एका कंपनीच्या माणसाने डोंबिवलीत उठवून दिलं, की वासंतीच्या पंपात गाईचं कातडं आहे. गाईचं नव्हतंच, म्हशीचं होतं, आणि त्यांच्या स्वतःच्या पंपातही चामडंच होतं, दुसरं काही चालतच नाही तिथे. पण एकदा ते पसरलं आणि काय विचारता. सोवळ्यातल्या बायका, रेशमी नेसून नैवेद्य रांधणाऱ्या, त्यांच्या ओट्यावर कातडं. एकाच आठवड्यात सात स्टोव्ह परत आले.

नानांनी रबराचा वायसर करून पाहिला. रबर घासलेटात फुगायचं, दट्ट्या आत गेला की बाहेर येईना, आवळून बसायचा. मेणात बुडवलेला कॅनव्हास लावून पाहिला, तो चार दिवसांत सुतं सोडायचा. नाना दिवसभर शेडमध्ये येरझाऱ्या घालायचे. मग एक दिवस मला म्हणाले, सदाशिव, तुझं लिहिणं चांगलं आहे, एक पत्रक लिही, प्रत्येक खोक्यात घालू. आणि काय लिहायचं ते सांगितलं. मी लिहिलं. माझ्या हातानं लिहिलं, दुसऱ्या कुणाच्या नाही. वासंती स्टोव्ह संपूर्ण शुद्ध आहे, यात कोठेही चामडे वापरलेले नाही. पंपात चामडं तेच, बाबांचंच. नाना म्हणाले, कुणाच्या पोटात जात नाही ना ते, मग कुणाचं काय बिघडलं?

मला नोकरी जायची भीती होती. नोकरी म्हणजे कॉलेज, आणि कॉलेज म्हणजे बाबांनी वस्तीभर सांगून ठेवलेलं सगळं.

छापलेलं पत्रक बाबांच्या हाती आलं. शेडमधून येताना ते घेऊन आले, घडी करून टोपीत ठेवलेलं. बाबांना वाचता येत नव्हतं. मला म्हणाले, वाच की, आपल्या कामाचं लिवलंय का त्यात? मी वाचायला लागलो. पितळी टाकी, निळी ज्योत, भांडी काळी होत नाहीत. मग ती ओळ आली आणि मी तिच्यावरून खालच्या ओळीवर गेलो. वाचन स्वच्छ होतं माझं, कुठे अडखळलो नाही, त्यांना कळलं नाही. बाबा म्हणाले, चांगलं लिवलंय, पर वायसरचं न्हाई काय? मी म्हटलं, जागा कमी होती.

त्यानंतर मला स्वस्थ बसवेनासं झालं. चार-पाच महिने असेच गेले. कॉलेजात बसलो तरी पाय हलत राहायचे, शेजारचा म्हणायचा, अरे बाकडं हलतंय. डोंबिवलीत एका घरातून निघालो की दुसरं घर जवळ असलं तरी मी मुद्दाम शेताच्या बांधावरून लांबून जायचो. प्रत्येक घरात बाई विचारायच्या, चामडं नाही ना हो? मी म्हणायचो, नाही. दिवसाला आठ-नऊ वेळा. बाबा घरी कापत बसलेत आणि मी गावभर सांगत फिरतोय की ते काही कापतच नाहीत.

डोंबिवलीला एक दुर्गाआजी होत्या. नवरा लवकर गेलेला, मुलगा ठाण्याला कचेरीत, घरात आजी, मुलगा, सून. सोवळं कडक. स्टोव्ह त्यांनी घेतला तो माझ्या तोंडाकडे बघून, म्हणाल्या, तू खोटं बोलणारा वाटत नाहीस. चैत्राच्या उन्हात त्यांचा निरोप आला की पंप धरत नाही. मला ऐकतानाच कळलं काय झालंय, उन्हाळ्यात तेल सुकतं, वायसर आक्रसतो. गेलो. आजी म्हणाल्या, इथे माझ्यासमोर बसून दुरुस्त कर, मला बघू दे, दर वेळी तुला कुठे बोलावू? मी म्हटलं, आजी, तुम्ही कामं करा, मी करतो. नाही म्हणाल्या, समोर पाट घेऊनच बसल्या. मी पंपाची टोपी फिरवली, दांडा बाहेर ओढला. टोकाला वायसर. सुकलेला, तपकिरी, कडा आत वळलेल्या. कुणीही ओळखलं असतं.

आजी म्हणाल्या, हे काय आहे रे?

मला कागद म्हणता आलं असतं. लोकरीचा नमदा म्हणता आलं असतं, दोन्ही सांगायची तयारी करून ठेवलेली होती. पण ते माझ्या हातात होतं, आणि त्याच्या पाठीवर बाबांच्या आरीची खूण होती, मध्यबिंदू धरायला ते एक टोचा मारतात तो. मी म्हटलं, चामडं आहे आजी, म्हशीचं, माझ्या वडिलांनी कापलंय, आम्ही तेच काम करतो.

सून दारात उभी होती, तिने तोंडावर पदर घेतला. आजी पाटावरून उठल्या, देवघराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, मग तू इतके दिवस माझ्या घरात येऊन तोंडावर खोटं बोललास होय रे? चामड्याचं नंतर बघू. आधी हे सांग. मी वायसरकडेच बघत बसलो. म्हणाल्या, ऊठ. उचल तुझं सामान. मी दांडा पंपात परत घातला, माझी बाटली-पिन पिशवीत भरली आणि निघालो, मागे त्या सुनेला पाणी तापवायला सांगत होत्या, घर धुवायला.

तिथून मी तडक कल्याणला, नानांच्या शेडमध्ये. सांगून टाकलं. नाना चिडले नाहीत, खुर्चीवर बसले फक्त. म्हणाले, खरं बोललास, ठीक आहे, पण सदाशिव, आता तुला आत कोण घेणार? ते रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मग घरी आलो आणि बाबांना सांगितलं. आजीच्या वागण्यात त्यांना नवीन काय होतं. पण मग त्यांनी विचारलं, म्हंजी त्या कागदात काय लिवलं हुतं? मी सांगितलं. तू लिवलंस? मी म्हटलं, हो. आणि मला वाचून दावलंस तवा? मी म्हटलं, ती ओळ सोडली. बाबांनी हातातली चामडं कापायची रापी खाली ठेवली. आईला म्हणाले, उद्यापासनं तेल लावू नको.

दुसऱ्या दिवशी वायसरचे पुडे शेडमध्ये गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. शेडमध्ये पंपाविना स्टोव्हची रांग लागली, पितळ नुसतं चकचकतंय. मी बाबांना काय म्हणणार, मला तोंड होतं का? घरात माझ्याशी बोलणं बंद, ताट समोर यायचं, शब्द नाही. मी सकाळी कॉलेजला न जाता आंबिवलीपर्यंत चालत जायचो आणि परत यायचो, उगाच.

सातव्या दिवशी नाना वस्तीत आले. म्हणाले, माझं काम अडलंय हो. बाबा म्हणाले, चामडं न्हाई म्हनता ना तुमी, मग चामडं कशाला पायजे? वस्तीतली सगळी माणसं गोळा झालेली. नाना म्हणाले, धंदा बसेल माझा. बाबा म्हणाले, बसंल. माजा तर बसलाच की, पोरगंच म्हनतंय बाप न्हाई म्हनून. मी तिथेच उभा होतो. मारलं असतं तर चाललं असतं.

नानांनी गोळा झालेल्या माणसांकडे एकदा पाहिलं. मग मला म्हणाले, सदाशिव, उरलेली पत्रकं बंबात घाल. आणि दुसरं लिही. काय लिहायचं ते तुझ्या वडिलांना विचार.

बाबांनी सांगितलं आणि मी लिहिलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता, फक्त त्यांची बोली शाळेतल्या भाषेत आणली. पंपातील वायसर चामड्याचा असतो. महिन्यातून एकदा पंप उघडून त्यास खोबरेल तेलाचे दोन थेंब लावावेत. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी लावावेत. तेल लावलेला वायसर दोन वर्षे टिकतो. एवढंच. मोठ्याने वाचून दाखवलं, सगळ्या ओळी. बाबा म्हणाले, दोन म्या कमीच सांगितली, तीन वर्सं टिकतो. तीन केलं. दुसऱ्या दिवशी आईने तेलाची वाटी पुढे ओढली.

खप पडला, खोटं कशाला सांगू. ठाण्यात पडला, डोंबिवलीत तर बसलाच. माझं काम काय उरलं होतं, मी शेडमध्ये बर्नर पुसत बसायचो. आणि महिन्याभराने दुर्गाआजींचा निरोप. मुलगा घेऊन आला, म्हणाला, आईने बोलावलंय, स्टोव्ह धूळ खात पडलाय आणि बायकोला शेगडीच्या धुराने खोकला धरलाय. मी गेलो. आजी म्हणाल्या, आत यायचं नाही, पडवीत बस. बसलो. स्टोव्ह पडवीत आणून ठेवलेला. म्हणाल्या, हात लावू नकोस, तोंडानं सांग, मी करते. मी सांगत गेलो, टोपी उलटी फिरवा, दांडा ओढा, हळू. वायसर बाहेर आला. आजींनी क्षणभर डोळे मिटले, मग करंगळी खोबरेलात बुडवली आणि त्या चामड्याला लावली, कडेकडेनं, अगदी देवाला गंध लावावं तशी. मी म्हटलं, कडा जरा बाहेर फाकवा. फाकवल्या. पंप बसवला, स्पिरिट जाळलं, दट्टे मारले, निळी ज्योत. आजी म्हणाल्या, देवळातला मृदंग काय कागदाचा असतो? एवढं म्हणून उठल्या आणि आंघोळीला गेल्या. हो, आंघोळ केली. मृदंगाचं बोलूनही केली. मला तेव्हा हसू आलं नाही, आता येतं.

त्यांच्याकडे नियम ठरला, नैवेद्य शेगडीवर, बाकी सगळं स्टोव्हवर, आणि स्टोव्ह खिडकीशी वेगळ्या फरशीवर. आजींनी तो नियम शेजारणींना सांगितला, शेजारणींनी त्यांच्या बहिणींना, आणि मग मला पडव्यांतून बोलावणी यायला लागली. मी उंबऱ्याबाहेर बसून तोंडाने सांगायचो, बायका स्वतःच्या हाताने पंप उघडायच्या, पिन मारायच्या, पेटवायच्या. आधी मी आत जाऊन पेटवून दाखवायचो तेव्हा बायका नुसत्या बघायच्या, आणि माझी पाठ वळली की घाबरायच्या. आता त्यांनाच येत होतं. एका पडवीत दहा-बारा जणी जमायच्या, थट्टा चालायची, अगं जोरात मार, नवरा समज. दोन वर्षांत वासंती नाशकापर्यंत गेली. नाना सगळ्यांना सांगायचे, ही युक्ती आमच्या सदाशिवची. युक्ती कसली, मला आत घेत नव्हते.

बी. ए. झालो तेव्हा नानांनी शेडमध्ये पेढे वाटले आणि म्हणाले, आता तू शाळेत जा, इथे बर्नर पुसू नकोस. शाळेत लागलो, हेडमास्तर होऊन निवृत्त झालो. नाना गेले, बाबा गेले, पुढे गॅस आला, नानांच्या मुलांनी लेथ विकून टाकला. वाईट कशाचं वाटायचं, गॅस चांगलाच आहे. बाबांचा माझ्यावरचा राग गेला होता का, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. बोलायला लागले होते. पण वाचायला म्हणून पुन्हा कधी त्यांनी माझ्या हातात कागद दिला नाही, शेजारच्या पोराकडून वाचून घ्यायचे.

माझी नात आहे, तिने डोंबिवलीच्याच मुलाशी लग्न केलं, दुसऱ्या जातीतला, त्यांच्या घरी सगळं राजीखुशीने झालं. मागच्या आठवड्यात गेलेलो तिच्याकडे. तिच्या सासूबाई, फार चांगल्या बाई, म्हणाल्या, आजोबा, आत स्वयंपाकघरात टेबलाशीच बसा की, गप्पा होतील. मी म्हटलं, असू दे, इथे दाराशी वारा चांगला आहे. वारा कसला, वीज गेलेली, पान हलत नव्हतं. पंचाहत्तरीच्या पुढे गेलो, पण स्वयंपाकघरात पाय टाकायचा म्हटलं की आतून धडधड होते, ती गेली नाही, आता जायची पण नाही. तिथूनच बघत बसलो. नात आत या फळीवरचा डबा काढत होती, त्या फळीवरचा ठेवत होती, झाकणं उघडी टाकत होती, आणि सासू तिला ओरडत होती, अगं कार्टे, साखरेला मुंग्या लागतील. बास, एवढ्याचसाठी ओरडत होती. देव त्या दोघींना सुखी ठेवो.